देव वाट कशी दाखवतो? : रूथच्या सरव्यातून एक धडा

शास्त्रवाचन : रूथ अध्याय १ व २, लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९-२२





भात झोडून झाले, दिवाळी सरली, की आपल्या पाड्यापाड्यांवर एकच बोलणे सुरू होते. यंदा कुठे जायचे? जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांचा विचार करतात. नंदुरबारच्या डोंगरातली माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. घरात म्हातारी आई असते, तिला कुणाकडे ठेवायचे? पोरगी चौथीत आहे, तिची शाळा सोडवायची का? मुकादम उचल द्यायला तयार आहे, ती घ्यावी की नको?

विश्वासणारे कुटुंब हे सारे प्रश्न घेऊन गुडघ्यावर येते आणि म्हणते, "प्रभू, तू वाट दाखव." ही प्रार्थना योग्यच आहे. पण प्रार्थना झाल्यावर आपण कशाची वाट पाहतो? कुणाला स्वप्न पडावे, कुणी दर्शन सांगावे, पवित्र शास्त्र कुठेही उघडावे आणि बोट पडेल तिथे उत्तर मिळावे, असे आपल्याला वाटते. अडचण आली की भगताकडे जाऊन दाणे पाहण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे. प्रभूकडे आलेले कुटुंब ती रीत सोडते, पण कधी कधी तीच अपेक्षा घेऊन पाळकांच्या दारात उभे राहते. मग काहीच खूण मिळाली नाही की मनात शंका येते : देवाने आपले ऐकले नाही का?

या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी आपण रूथच्या पुस्तकाकडे जाऊ या.

१. भाकरीच्या प्रश्नाने सुरू होणारे पुस्तक

रूथचे पुस्तक लहान आहे. चार अध्याय, पंच्याऐंशी वचने. एका बैठकीत वाचून होते. ते सुरूच होते दुष्काळाने. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर, आणि त्या भाकरीच्या घरातच भाकरी उरली नाही. अलीमलेख आपली पत्नी नामी आणि महलोन व खिल्योन ही दोन मुले यांना घेऊन मवाब देशात पोट भरायला गेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हे कुटुंब गाव सोडून गेले म्हणून शास्त्राने त्यांना दोष दिलेला नाही. पोटासाठी गाव सोडावे लागणे हे पाप नाही. अब्राहामही दुष्काळात मिसरात गेला होता, आणि याकोबाची मुले धान्य आणायला तिकडेच गेली होती. पाठीवर बोचके बांधून एस.टी.च्या थांब्यावर उभ्या असलेल्या आपल्या भावाबहिणींना शास्त्रातली ही माणसे परकी वाटणार नाहीत.

पण मवाबात दुःख थांबले नाही. अलीमलेख मरण पावला. मुलांनी तिथल्या मुलींशी लग्ने केली, आणि दहा एक वर्षांत तीही दोघे गेली. घरात तीन विधवा राहिल्या. नामी परत निघाली तेव्हा अर्पा आपल्या माहेरी वळली आणि रूथ सासूबरोबर आली. नामीचे लोक ते आपले लोक आणि नामीचा देव तो आपला देव, असे तिने ठरवले. हा तिचा विश्वासाचा निर्णय होता. या निर्णयानंतर तिच्यासमोर काय होते? अनोळखी गाव, थकलेली सासू आणि रिकामी चूल.

२. रूथला दर्शन झाले नाही

या पुस्तकात देवदूत येत नाही. कुणाला स्वप्न पडत नाही, संदेष्टा बोलत नाही, समुद्र दुभंगत नाही. देवाने थेट काही केले असे लेखक दोनदाच सांगतो. पहिल्या अध्यायात परमेश्वराने आपल्या लोकांना पुन्हा अन्न दिले म्हणून (१:६), आणि शेवटच्या अध्यायात त्याने रूथला मूल दिले म्हणून (४:१३). मधले सारे पुस्तक साध्या माणसांच्या साध्या कामांनी भरलेले आहे.

मग रूथला वाट कशी सापडली? दुसऱ्या अध्यायात पाहा. त्या दोघी बेथलेहेमात आल्या तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. रूथने आजूबाजूला पाहिले आणि सासूला विचारले, मी शेतात सरवा वेचायला जाऊ का? सरवा म्हणजे काय हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. पीक कापून नेल्यावर मागे राहिलेली, गळून पडलेली कणसे. नामीने हो म्हटले आणि रूथ निघाली. कोणत्या शेतात जायचे हे तिला ठाऊक नव्हते. जे शेत समोर आले त्यात ती शिरली, आणि ते नेमके बवाजाचे निघाले. लेखकाने हे असे लिहिले आहे की जणू सहज तसे घडले (२:३). रूथच्या डोळ्यांना ते तसेच दिसले असणार. त्या सकाळी तिला एवढेच कळत होते की घरात दाणा नाही आणि हातपाय धड आहेत.

प्रियांनो, देवाचे मार्गदर्शन बहुतेक वेळा असेच असते. रात्री कंदील घेऊन पाड्याच्या वाटेने चालणाऱ्याला पुढचा डोंगर दिसत नाही, पुढचे पाऊल दिसते. तेवढ्या उजेडात तो चालत राहतो आणि घरी पोचतो. नीतिसूत्रे ३:५-६ मध्ये परमेश्वरावर मनापासून भाव ठेवायला आणि आपल्या सगळ्या व्यवहारांत त्याची आठवण ठेवायला सांगितले आहे. वाट नीट करण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले आहे, चालण्याचे काम मात्र आपल्यावर सोपवले आहे. रूथ घरात बसून राहिली असती तर बवाजाचे शेत तिच्या दाराशी चालत आले नसते.

रूथ कशी चालली तेही पाहा. तिने सासूला विचारले. शेतावर गेल्यावर कापणाऱ्यांच्या मुकादमाची परवानगी मागितली. सकाळपासून ती कामाला लागली होती, जरा कुठे विसावली असेल तेवढीच, अशी साक्ष त्या मुकादमानेच दिली (२:७). दुपारी जेवताना मिळालेला हुरडा तिने पोटभर खाल्ला आणि उरलेला सासूसाठी बांधून आणला. विचारणे, राबणे आणि वाटून खाणे, यात तिचा विश्वास दिसतो.

३. वाट आधीच तयार होती

आता या गोष्टीचा गाभा. रूथ सरवा वेचू शकली, कारण शेतात सरवा होता. तो तिथे कसा राहिला?

देवाने मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांना नियम दिला होता. पीक कापताना शेताचे कोपरे कापू नका. गळालेली कणसे गोळा करू नका. द्राक्षमळ्यात पडलेली फळे वेचू नका. ते गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या (लेवीय १९:९-१०). शेतात एखादी पेंढी विसरली तर ती आणायला मागे फिरू नका. ती परका, पोरका आणि विधवा यांची आहे (अनुवाद २४:१९). रूथ परकीही होती आणि विधवाही होती. तिचा जन्म होण्याआधी, ती मवाबात असताना, देवाने बेथलेहेमच्या शेतात तिच्यासाठी जागा करून ठेवली होती.

या नियमातल्या तीन गोष्टी मनन करण्यासारख्या आहेत.

पहिली, कोपरा किती मोठा ठेवायचा याचे माप नियमशास्त्रात दिलेले नाही. ते मालकाच्या मनावर सोडले आहे. म्हणजे शेताची कड पाहून मालकाचे मन ओळखता येत असे.

दुसरी, गरिबाला कणसे स्वतः वेचायची होती. कुणी त्याच्या हातावर भीक ठेवत नव्हते. रूथने दिवसभर वेचले, संध्याकाळी स्वतः झोडले आणि एफाभर सातू घरी नेले. एफा म्हणजे सुमारे बावीस लिटरचे माप. तेरा-चौदा किलो धान्य तरी झाले असेल. ते तिच्या कष्टाचे होते. मान खाली घालून तिला ते न्यावे लागले नाही.

तिसरी, याच लेवीय एकोणिसाव्या अध्यायात अठराव्या वचनात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. प्रभू येशूने जिला दुसरी मोठी आज्ञा म्हटले ती हीच (मत्तय २२:३९). शेजारप्रीतीच्या आज्ञेआधी शेताच्या कडेची आज्ञा येते. प्रीती कशी दिसते हे देवाने आधी विळ्याच्या कामात दाखवले.

पण नियम असणे वेगळे आणि पाळणे वेगळे. रूथची गोष्ट शास्त्यांच्या काळातली आहे, जेव्हा जो तो आपल्या मनाला येईल तसे करत होता. रूथलाही हे ठाऊक असावे, म्हणून तर तिने म्हटले की ज्याची कृपादृष्टी होईल त्याच्यामागे मी वेचीन (२:२). प्रत्येक शेतात तिला शिरू दिले असते असे नाही. बवाजाने मात्र नियम पाळला, आणि नियमाच्या पुढेही गेला. आपल्या गड्यांना त्याने ताकीद दिली की या बाईच्या वाटेला जाऊ नका. तहान लागली तर आमच्या भांड्यांतले पाणी पी, असे तिला सांगितले. जेवणाला जवळ बसवले. पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसे तिच्यासाठी टाकायला लावली. बवाजाची आई राहाब होती असे मत्तय १:५ मध्ये आहे. तीही परक्या लोकांतून इस्राएलात आली होती. परक्या बाईच्या मनातली भीती बवाजाला घरातूनच माहीत असावी.

आता विचार करा. त्या वर्षी बवाजाने कडेपर्यंत विळा फिरवला असता तर? पीक त्याचेच होते, कुणी विचारले नसते. पण रूथ रिकाम्या हाताने परतली असती, आणि नामी म्हणाली असती की देवाने वाट दाखवली नाही.

रूथला जे देवाचे मार्गदर्शन वाटले, ते बवाजाच्या बाजूने पाहिले तर आज्ञापालन होते. एकाने देवाची आज्ञा पाळली, त्यातून दुसऱ्याला वाट सापडली. म्हणून "प्रभू, मला वाट दाखव" या प्रार्थनेबरोबर आणखी एक प्रार्थना आपण शिकली पाहिजे : "प्रभू, माझ्या हातून कुणाची वाट बंद होऊ देऊ नको."

४. केडगावची जमीन

आपल्या महाराष्ट्रात हा धडा पंडिता रमाबाईंच्या जीवनात दिसतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उपाशीपोटी, पायी देशभर फिरले. पुढे लग्नानंतर थोड्याच काळात पतीही वारले आणि तान्ह्या मुलीसह त्या विधवा झाल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले, आणि पुढे ते पुण्यात आणले.

सदनाचा खर्च फळबागेच्या उत्पन्नातून भागावा म्हणून त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली. हेतू एवढाच होता. पण १८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीत सापडलेल्या विधवा आणि मुली त्यांनी पाहिल्या, आणि त्यांना स्वतःचे जुने दिवस आठवले. शेकडो मुलींना त्या आपल्याबरोबर घेऊन आल्या. त्यांना ठेवणार कुठे? केडगावची जमीन होती. बागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले, आणि ते काम आजही चालू आहे.

जमीन घेताना रमाबाईंना पुढच्या दुष्काळाचे दर्शन झाले नव्हते. समोरच्या गरजेसाठी त्यांनी एक शहाणपणाचे पाऊल टाकले. देवाने त्या पावलाचा उपयोग त्यांच्या कल्पनेपलीकडे केला. ज्या मुलीला दुष्काळात कुणाच्या शेताची कड मिळाली नाही, तिने मोठी झाल्यावर आपले शेतच निराधारांना उघडे करून दिले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे कामही त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत केले. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

५. वाट दिसत नाही तेव्हा

काही वाचक म्हणतील, रूथला बवाज भेटला, पण आम्हाला अजून कुणी भेटले नाही. त्यांनी नामीकडे पाहावे. गावात परतल्यावर ती बायकांना म्हणाली की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. मी भरलेली गेले आणि रिकामी आले, असे तिने देवाला नाव लावून सांगितले (१:२०-२१). शास्त्राने तिचे हे शब्द झाकले नाहीत, आणि देवाने त्याबद्दल तिला शिक्षा केली नाही. दुःखात तोंडातून कडू शब्द निघाले म्हणून विश्वास संपला असे होत नाही.

पण नामी "मी रिकामी" म्हणत होती तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी होती. देवाने दिलेली मदत तिच्या डोळ्यांसमोर होती आणि तिला दिसत नव्हती. पुस्तकाच्या शेवटी त्याच गावच्या बायका तिला सांगतात की ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे (४:१५). रूथला ओबेद झाला, ओबेदाला इशाय, इशायाला दावीद, आणि त्याच वंशात आपला प्रभू जन्मला. सरवा वेचणाऱ्या रूथला यातले काहीच ठाऊक नव्हते.

६. आपण काय करावे?

जी कुटुंबे कामासाठी बाहेर पडणार आहेत, त्यांनी प्रार्थना करावी आणि रूथसारखे विचारूनही घ्यावे. नवराबायकोने मिळून ठरवावे, वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा. हजार विटांमागे किंवा टनामागे दर काय, उचल किती घेतली, हे वहीत लिहून घ्यावे. बायामुली कुठे राहतील, पाणी व संडास कुठे आहे, हे आधी विचारावे. नामीनेही रूथच्या सुरक्षिततेचा विचार केला होता (२:२२). मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह आहे का ते शाळेत पाहावे. मुलांना बरोबर न्यायचेच असेल तर शिक्षण हमी कार्ड मागावे, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येईल. रेशन कार्ड बरोबर ठेवावे. आता दुसऱ्या ठिकाणीही धान्य उचलता येते. आणि उचल फिटली नाही म्हणून कुणी जबरदस्तीने डांबून ठेवत असेल, तर वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे, हे लक्षात ठेवून तहसीलदारांकडे किंवा संस्थेच्या कार्यकर्त्यांकडे निरोप पाठवावा. ही माहिती घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. जुन्या काळी देवाने शेताची कड राखायला लावली. आज असे नियमही गरिबासाठी राखलेली कडच आहेत. ती वेचायला संकोच करू नका.

जी मंडळी गावात मागे राहते, तिने गेलेल्यांची नावे लिहून ठेवावीत आणि रविवारी नाव घेऊन प्रार्थना करावी. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी आठवड्यातून एकदा कुणी तरी जावे. पाणी भरून द्यावे, औषध आणून द्यावे. उपाशी भावाला नुसते "सुखाने जा" म्हणून उपयोग नाही, हे याकोबाने आपल्याला बजावले आहे (याकोब २:१५-१६).

आणि ज्यांच्या हाती काही आहे, त्यांनी आपली कड तपासावी. आपल्या मंडळ्यांत शेतमालक आहेत, मुकादम आहेत, दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, शहरात पगारावर काम करणारे आहेत. मुकादमाने हिशेब खरा ठेवावा आणि टोळीतल्या बायांना त्रास होऊ देऊ नये. दुकानदाराने अडाणी माणसाला माप पुरे द्यावे. शेतमालकाने बाईमाणसाची मजुरी कापू नये. पगारदाराने आपल्या वेळेतला आणि मिळकतीतला एक कोपरा न कापता ठेवावा. तो किती मोठा असावा, हे देवाने त्याच्या मनावर सोडले आहे.

बवाज शेतावर येताच परमेश्वराचे नाव घेऊन गड्यांना आशीर्वाद देत असे, आणि गडीही उलट आशीर्वाद देत (२:४). त्याच्या तोंडी देवाचे नाव होते आणि त्याच्या शेताला कडही होती. आपल्या जीवनात या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्यात.

अभ्यास व चर्चेसाठी प्रश्न

१. रूथने निघण्याआधी आणि शेतावर पोचल्यावर कुणाकुणाला विचारले? आपण निर्णय घेताना कुणाला विचारतो?
२. नामीला आपल्याजवळची कोणती मदत दिसत नव्हती? आपल्या घरी अशी कोणती मदत आहे?
३. माझ्या कामात, वेळेत व मिळकतीत "शेताची कड" कोणती? मी ती राखतो का?
४. या हंगामात आपल्या पाड्यावरून कोण बाहेर जाणार आहे? मंडळी म्हणून त्यांच्यासाठी कोणते एक काम आपण या महिन्यात करू?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, उद्याची वाट आम्हाला दिसत नाही, पण तुला दिसते. आजच्या पावलापुरता उजेड आम्हाला दे आणि त्या उजेडात चालण्याचे धैर्य दे. कामासाठी दूर गेलेल्या आमच्या भावाबहिणींना व लेकरांना सांभाळ. त्यांना बवाजासारखी भली माणसे भेटू दे. आम्हालाही कुणासाठी तशी माणसे कर. आमच्या शेताची कड तू राख. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.